हायस्कूलच्या घोडेस्वारी संघाला विनामानधन प्रशिक्षण: घोडे ३, मुलं १४. सुरुवात कुठून?

खडेबाजार७

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलने यंदा घोडेस्वारीचा संघ उभा करायचं मनावर घेतलंय आणि प्रशिक्षक म्हणून माझ्या गळ्यात माळ पडली आहे. मानधन नाही, त्याची अपेक्षाही नाही. एन.सी.सी.च्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी शाखेत शिकलेली स्वारी एवढीच शिदोरी. आपण घोड्यावर नीट बसणं वेगळं आणि आठवी-नववीच्या पोरांना बसवणं वेगळं, म्हणून आधीच विचारतोय.

परिस्थिती अशी: मुलं-मुली मिळून १४, वय १३ ते १६, निम्मी मराठी माध्यमाची आणि निम्मी कन्नड. घोडे तीन. एक काठेवाडी, खच्ची केलेला, वजन अंदाजे ३५० किलो, स्वभावाने गरीब. उरलेले दोन शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. सईस एक पूर्णवेळ, एक अर्धवेळ. मैदान ३० बाय ५० मीटर, लाल मातीचं. पाऊस लागला की चिखलच. सामान म्हणजे दोन इंग्लिश खोगीर, एक जुनं लष्करी खोगीर आणि लगामांचा एक गठ्ठा, त्यात एक काटेरीसुद्धा आहे. वेळ शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी.

व्यवस्थापनाला दसऱ्याच्या सुट्टीनंतर पालकांसमोर प्रात्यक्षिक हवंय. मुख्याध्यापकांचं म्हणणं, टेंट पेगिंग (भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) दाखवा, लोकांना तेच आवडतं.

प्रश्न: १४ मुलांना तीन घोडे पुरतील का? पहिले दोन महिने नेमकं काय शिकवायचं? मैदानाचं काय करू? आणि कागदपत्रं कुठली लागतात?

---

टाप_आणि_धूळ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावरच मिळतं. शिकाऊ मुलांखाली घोड्याला दिवसाला दोन तासिका, प्रत्येकी ४० मिनिटांच्या, याहून जास्त काम देऊ नका. शिकाऊ स्वार पाठीवर आदळत असतो, लगाम खेचत असतो. तेवढ्याच वेळात घोडा जास्त थकतो आणि जास्त चिडतो. ३ घोडे × २ तासिका × २ दिवस म्हणजे आठवड्याला १२ जागा. मुलं १४. म्हणजे प्रत्येकाला आठवड्यातून एकदाही पुरती पाळी नाही. आठवड्यातून एकदा बसणाऱ्या मुलाची बैठक सहा महिन्यांतही पक्की होत नाही, कारण दर वेळी पहिली पंधरा मिनिटं गेल्या वेळचं आठवण्यात जातात.

म्हणून सहा मुलं स्वार, आठ मुलं पागेवर, आणि दर सहा आठवड्यांनी अदलाबदल. सहा जणांना आठवड्यातून दोन पाळ्या मिळतात. पागेवरची मुलं खरारा करतील, खूर साफ करतील, खोगीर चढवतील, बागडोर धरून घोडा चालवतील. ही शिक्षा नव्हे, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. जमिनीवरून घोडा सांभाळता येणारं मूल खोगिरावर निम्म्या वेळात तयार होतं. पालक विचारतील, "आमचा पोरगा शेण काढायला धाडलाय काय?" त्यांनाही वेळापत्रक दाखवून ठेवा.

आता तुमचे दोन थरोब्रेड. खरी मेख इथे आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामावर टेकून पळायची सवय लावलेली असते. जॉकी जितका लगाम धरून ठेवतो तितका तो त्यावर रेलून जोर लावतो. शिकाऊ पोरगं घाबरलं की पहिल्यांदा काय करतं? लगाम ओढतं. घोड्याच्या लेखी तो पळण्याचा इशारा. शिवाय या घोड्यांना पायाचे इशारे फारसे माहीत नसतात आणि जमिनीवरून रिकिबीत पाय घालून कोणी चढतंय हे नवीन असतं, कारण जॉकीला खालून पाय उचलून बसवतात आणि बऱ्याचदा घोडा चालतच असतो. त्यामुळे चढताना स्थिर उभं राहणं हा त्यांचा पहिला धडा, मुलांचा नव्हे.

पहिले सहा आठवडे थरोब्रेडवर मुलं नकोतच. तुम्ही स्वतः बसा, आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास: कदम (साधी चाल), थांब, कदम, दुडकी (हलकी धाव), थांब. लगाम ढिला सोडल्यावर घोडा मंदावला पाहिजे. हे दोन्ही बाजूंना, २० मीटरच्या गोलात, सलग तीन दिवस न चुकता झालं की मग एक मूल लांजवर, म्हणजे मध्ये उभं राहून लांब दोराने घोडा गोल फिरवायचा आणि मूल वर नुसतं बसलेलं. तोवर काठेवाडी एकटाच. म्हणजे सुरुवातीला आठवड्याला फक्त ४ जागा. व्यवस्थापनाला हे आत्ताच लेखी द्या, नाहीतर दसऱ्याला सगळं तुमच्या अंगावर येईल.

काठेवाडीवरच्या वजनाचं बघा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्के ही वरची हद्द. शिकाऊ असेल तर १५-१७ टक्क्यांवर थांबा. ३५० किलोला ते साधारण ५२ ते ६० किलो, खोगिरासकट. दहावीतला दणकट पोरगा त्यात बसत नाही. तो थरोब्रेडची वाट बघेल.

लांजवर काय करायचं: दोर ८ मीटरचा, म्हणजे गोल सुमारे १६ मीटरचा. त्याहून लहान गोलात घोड्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांवर ताण येतो. एका मुलाला २० मिनिटं पुरे, दर पाच-सहा मिनिटांनी दिशा बदला. पहिल्या दोन पाळ्या फक्त कदम. मुलाच्या हातात लगाम नाही, गळपट्टा. गळपट्टा म्हणजे जुना रिकिबीचा चामडी पट्टा घोड्याच्या मानेत अडकवलेला. तोल गेला की मूल तो धरतं, तोंड ओढलं जात नाही. तिसऱ्या पाळीपासून दुडकी, आधी बसून दहा-बारा पावलं, मग उठबस. घोड्याचा बाहेरचा पुढचा पाय पुढे जाताना उठायचं, हे मोठ्याने मोजून घ्या. पाय शोधायला मूल खाली वाकलं की बैठक गेली. खांदा बघायला सांगा, पाय नव्हे.

लांजवरून कधी सोडायचं? दोन्ही हात कमरेवर ठेवून पाच मिनिटं उठबस दुडकी, दोन्ही दिशांना, आणि दुडकीतून थांबताना मूल पुढे मानेवर झुकत नाही. बहुतेकांना ८ ते १० पाळ्या लागतात. घाई केलीत तर हात कायमचे कडक होतात आणि ते सोडवायला वर्ष जातं.

---

पागेवाली

वरचं सगळं मान्य. मी सामान आणि अंगावरच्या कपड्यांचं सांगते, कारण अपघात बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

काटेरी लगाम आजच मोडीत काढा. मालवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतच काटेरी लगामाला मनाई आहे. शाळेच्या पागेत तो खुंटीला टांगलेला दिसणंही बरं नाही. शिकाऊंसाठी साधा, मध्ये एक सांधा असलेला स्नॅफल, म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारा लगामाचा लोखंडी भाग. दोन्ही कडांना ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या पडाव्यात एवढाच वर. दातांना लागता कामा नये आणि ओठ चिमटला जाता कामा नये.

तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधायचा पट्टा, आवळणं हे प्रत्येक मुलाला हाताला धरून शिकवा. घोडा खोगीर चढवताना छाती फुगवून धरतो. मूल तंग आवळतं, दोन भोकं वर घेतं, खूश होतं. पाच मिनिटांनी घोडा श्वास सोडतो आणि तंग सैल. आता मूल डाव्या रिकिबीत पाय घालून वर चढायला जातं, खोगीर फिरून पोटाखाली, पोरगं जमिनीवर आणि घोडा बिथरलेला. म्हणून तंग तीनदा बघायचा: खोगीर चढवल्यावर हलकेच, चढण्याआधी घोडा दहा-वीस पावलं चालवून, आणि बसल्यावर दहा मिनिटांनी. तंग आणि कातडीच्या मध्ये दोन बोटं सपाट, घट्ट जातील इतकं. आवळून झालं की घोड्याचे पुढचे पाय एकेक करून गुडघ्यापाशी धरून पुढे ओढायचे. तंगाखाली दुमडलेली कातडी त्याने सरळ होते. हे राहिलं की कोपराच्या मागे सोलवटतं आणि मग घोडा तंग दिसला की चावायला येतो. मग म्हणायचं, "घोडा खट आहे."

रिकिबीची लांबी: उभं राहून बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावा, रिकीब काखेत आली पाहिजे. सुरुवातीला एवढं अचूक पुरतं. रिकिबीची रुंदी बुटाच्या सर्वात रुंद भागापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर जास्त. अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर पाय आरपार जातो. दोन्हीत मूल फरपटतं. मोठ्या माणसांच्या रिकिबी मुलांना दिल्या की दुसरी चूक होते, आणि शाळांत नेमकं तेच होतं.

पायात टाच असलेला बूट, सपाट तळ, एक ते दीड सेंटीमीटर टाच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सगळी पोरं गमबूट घालून येतात. गमबूट चालणार नाहीत. त्यांचा तळ रुंद, खोल खाचांचा, रिकिबीत रुततो. कॅनव्हासचे बूटही टाच नसल्याने पुढे सरकतात.

हेल्मेट घोडेस्वारीचंच. मोटरसायकलचं जड असतं, बाजूचं दिसत नाही आणि ऐकू कमी येतं. क्रिकेटचं चेंडूसाठी असतं, जमिनीवर आपटण्यासाठी नाही. आत एएसटीएम एफ ११६३, व्हीजी१ किंवा पीएएस ०१५ असा शिक्का बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद. प्रत्येकी एक परवडत नसेल तर सहा घ्या, तीन मापांची, आणि आत सुती टोपी प्रत्येकाने स्वतःची आणायची. उवांची तक्रार आली की पालक पोरींना पाठवणं बंद करतात, ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

ओढणी नाही, बांगड्या नाहीत, लोंबते कानातले नाहीत, केस खाली बांधलेल्या वेणीत. आणि एक महत्त्वाचं: प्लास्टिकचा रेनकोट घोड्यावर बसून घालायचा किंवा काढायचा नाही. सळसळ आवाज आणि पाठीवर फडफडणारं काहीतरी, एवढ्यावर शहाणा घोडाही उसळतो. पाऊस आला तर आधी उतरायचं.

भाषेचंही ठरवा. मराठीतली पोरं "थांब" म्हणणार, कन्नडमधली "निल्लु", सईस त्याचं तिसरंच काहीतरी म्हणणार, आणि घोडा तिघांचं ऐकून कुणाचंच ऐकणार नाही. घोड्याला अर्थ कळत नाही, सूर आणि लांबी कळते. थांबण्यासाठी एकच खालच्या पट्टीतला लांब "होऽऽ", दुडकीसाठी जिभेचा चटका दोनदा, कदमासाठी "नडी". सगळ्यांनी तेच. "नडी" कन्नड आहे म्हणून कुणाला वाईट वाटत असेल तर "चल" ठेवा, पण एकच ठेवा.

---

मलप्रभेकाठी

जनावरांच्या डॉक्टरी बाजूचं लिहितो.

घोडे शाळेत आले असतील तर पहिलं काम ग्लँडर्सची तपासणी. हा रोग माणसालाही होतो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंधक कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे आणि घोडा बाधित निघाला तर त्याला दयामरण द्यावं लागतं, उपचार नाही. तालुका पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून रक्ताचा नमुना घ्यायचा. देशातली मुख्य प्रयोगशाळा हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राची. अहवाल येईपर्यंत घोडे वेगवेगळे आणि प्रत्येकाची पाण्याची बादली वेगळी. हा रोग नाकाच्या स्रावातून पसरतो आणि सामाईक हौद ही सर्वात सोपी वाट. सीमाभागात लग्नाच्या हंगामात वरातीच्या घोड्या कोल्हापूर, चंदगड, निपाणी अशा फिरत असतात. त्यातली एखादी "दोन दिवस बांधू द्या की हो" म्हणून शाळेच्या पागेत आली तर नाही म्हणा. ओळखीचा माणूस असला तरी.

धनुर्वाताची लस घोड्यांना दर वर्षी. मुलांचीही झालेली आहे का ते फॉर्मवर लिहून घ्या.

खुराकाचं. घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज लागतो. ३५० किलोला ५ ते ७ किलो, ४५० किलोच्या थरोब्रेडला ७ ते ९. थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी २५ ते ४० लिटर, मीठ साधारण ३० ग्रॅम. आपल्या भागात तीन चुका हमखास होतात. एक, ऊसपट्ट्यातलं फुकट मिळणारं वाडं (उसाचे हिरवे शेंडे) हाच मुख्य चारा. त्यातली ऑक्झलेटं अंगातलं कॅल्शियम अडवतात आणि जाड तंतूंनी आतडं तुंबतं. दोन, कोवळी हिरवी ज्वारी. तीन, आणि ही सगळ्यात वाईट, गुरांची किंवा कोंबड्यांची पेंड. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं. गाय ते पचवते, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं. पोत्यावर गाय किंवा कोंबडी छापलेली असेल ते पोतं पागेच्या खोलीतही ठेवू नका, कारण अर्धवेळ सईसाला घाईत फरक कळणार नाही.

तुमच्या वेळापत्रकात आणखी एक खड्डा आहे. घोडे शनिवार-रविवार काम करणार आणि पाच दिवस उभे. पूर्ण दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा शनिवारी कामाला लावला की अर्ध्या तासात मागचे स्नायू दगडासारखे होतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीसारखी होते. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करा, चारा तेवढाच ठेवा, आणि मधल्या चार दिवशी अर्धा तास चालवा. टाप_आणि_धूळ यांनी सांगितलेलं थरोब्रेडचं चार दिवसांचं काम त्यात आपोआप बसतं. असा प्रकार झालाच तर घोडा चालवत पागेत आणू नका. तिथेच उभा करा, पाठीवर पांघरूण, डॉक्टरला फोन.

पोटशूळ: जमीन उकरणं, वळून कुशीकडे बघणं, लोळणं, लीद बंद. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. ६० च्या वर राहिली तर उशीर करू नका. ताप ३८.५ अंशांच्या वर गेला तरी तसंच. खाणं काढून घ्या. बैलाला पाजतात तसं नळकांड्यातून तेल पाजायचं नाही. डोकं वर धरून ओतलेलं तेल फुप्फुसात जातं आणि पोटाऐवजी न्यूमोनियाने घोडा जातो. घोड्याला उलटी होत नाही. पोटातून काही काढायचं असेल तर नाकातून नळी घालून, आणि ते डॉक्टरचंच काम. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. पागेच्या दारावर रंगवून ठेवा.

पावसाळ्याच्या शेवटी गोमाश्या वाढतात आणि सर्रा हा रक्ताचा रोग येतो: ताप येतो-जातो, घोडा खंगतो, पाय आणि पोटाखाली सूज, हिरड्या पांढुरक्या. मुलं म्हणतील "आळशी झालाय". आळस समजू नका, रक्त तपासा. खूर मात्र रोज उकरायचे, दोनदा. ओल्या लिदीत उभ्या असलेल्या घोड्याच्या खुराच्या मधल्या बेडकीला आठवड्यात काळा, घाण वासाचा चिकट स्राव सुटतो.

---

नालबंदाचा_शेजारी

मैदानाचं.

पूर्ण मैदान करायला जाऊ नका, पैसा पुरणार नाही. २० मीटर व्यासाचा एकच गोल आधी करा. वरची लाल माती खरवडून खालचा थर रोलरने दाबा आणि एका बाजूला एक-दीड टक्का उतार द्या, म्हणजे २० मीटरला २० ते ३० सेंटीमीटर. उताराच्या कडेला चर. त्यावर ८ सेंटीमीटर चाळलेली वाळू. हिशेब: २५ घनमीटर, म्हणजे जवळपास ९ ब्रास. तेच २० बाय ४० मीटरच्या पूर्ण आखाड्याला ६४ घनमीटर, २२-२३ ब्रास. पैसे आले की पुढच्या वर्षी.

वाळू "मऊ पडावं म्हणून" १५ सेंटीमीटर टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. ऐकू नका. खोल वाळूत खूर रुततो, प्रत्येक पावलाला पायाच्या शिरा ताणल्या जातात, आणि शर्यतीतून आलेल्या घोड्यांच्या पुढच्या पायांत आधीच काहीतरी दुखणं असण्याची शक्यता मोठी. दुसरं टोक म्हणजे अथणी-चिकोडीकडची काळी माती: वाळली की सिमेंट, भिजली की साबण. तुमची लाल माती त्या मानाने बरी. पाऊस थांबून दोन दिवस झाले की गोल वापरता येईल.

खांब आणि अडथळे: जमिनीवर ठेवायचे दांडे ३ ते साडेतीन मीटर लांब, १० सेंटीमीटर जाड, निलगिरी किंवा सिल्व्हर ओकचे, साल काढून रंगवलेले. बांबू नको. पाय पडला की फाटतो आणि फाटलेली कड सुरीसारखी असते. गोल दांडा घोड्याच्या पायाखाली घरंगळतो म्हणून दोन्ही टोकांखाली वाळूची छोटी पोती. दांड्यांमधलं अंतर कदमाला ८० ते ९० सेंटीमीटर, दुडकीला १.३० मीटर, काठेवाडी लहान असेल तर १.१५ ते १.२० पासून सुरू करा आणि खुरांचे ठसे बघून सरकवा. ठसा दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडायला हवा. तीन किंवा चार दांडे ठेवा. दोनच ठेवले तर घोडा एकदम उडी मारून पार करतो.

नालबंद ५ ते ६ आठवड्यांनी. इथे बैलांना नाल मारणारे भरपूर, घोड्याचे थोडे. बैलवाल्याला बोलवू नका. खुराचा तळवा जास्त तासतात आणि घोडा दोन आठवडे लंगडतो.

---

सीमेवरचा_मावळा

सगळे इतकं घाबरवताय की माणूस पळून जाईल. आपल्याकडे घोडागाडीच्या शर्यतीत पंधरा वर्षांची पोरं घोडा हाकतात. टेंट पेगिंग आपला खेळ आहे, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यात भारताला सुवर्ण मिळालंय. पोरांना जोश येईल असं काहीतरी द्या की.

---

टाप_आणि_धूळ

@सीमेवरचा_मावळा खेळाला ना नाही, क्रमाला आहे. पेगिंगमध्ये एका हातात लगाम, दुसऱ्या हातात भाला आणि घोडा भरधाव. म्हणजे बैठक लगामाशिवाय पक्की, भाला खाली गेल्यावर वजन एका बाजूला झुकतं ते पेलणारी मांड, आणि एका हाताने थांबणारा घोडा. इथे दोन घोडे असे आहेत की भरधाव सुटले तर थांबवणं हाच प्रश्न. भाला खुंटीत अडकून सोडला नाही तर खांदा निखळतो, आणि टोक जमिनीत रुतलं तर त्याहून वाईट. दीड-दोन वर्षं सलग स्वारी झालेल्या, मोठ्या मुलांसाठी ठेवा.

मुख्याध्यापकांना सुवर्णपदकच दाखवायचं असेल तर २०२३ च्या हांगझोऊ एशियाडचं दाखवा. ड्रेसाजमध्ये भारतीय संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. ड्रेसाज म्हणजे तुम्ही लांजवर शिकवताय तेच, पुढच्या पायऱ्या चढत गेलेलं. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. पालकांसमोर सहा मुलांनी कदम, थांब, दुडकी, २० मीटरचा गोल, पुन्हा थांब आणि सलाम असा कार्यक्रम केला तर बारा मिनिटांचं देखणं प्रात्यक्षिक होतं. एकेक मूल आखाड्यात, दुसरं बाहेरून त्याच्या हालचाली मोठ्याने वाचून दाखवतं, मराठीत आणि कन्नडमध्ये. पागेवरची आठ मुलं लोकांसमोर खोगीर चढवून दाखवतील. तंगाच्या तीन तपासण्यांसकट.

---

खडेबाजार७

सगळ्यांचे आभार. काटेरी लगाम मोडून टाकला. सहा आणि आठ अशी विभागणी व्यवस्थापनाला लेखी कळवतोय. कागदपत्रांचं कोणी सांगेल का? आणि जुलैत सलग पाऊस लागला की शनिवारी काय करायचं?

---

पागेवाली

कागद. शाळेकडून एक पत्र घ्या: तुमचं काम काय, दिवस कोणते, मैदानावर तुमच्याशिवाय शाळेतलं जबाबदार माणूस कोण. मुली आहेत म्हणून एक शिक्षिका कायम हजर हवी. ती नसेल त्या दिवशी तासिका नाही, मग मुलं कितीही हिरमुसली तरी. तुम्ही एकटे आणि मूल एकटं अशी वेळ आणू नका, पागेतही नाही आणि गाडीतून सोडायलाही नाही. पोलीस पडताळणी शाळेने मागितली नाही तरी स्वतःहून द्या. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शक्यता कळली तर पोलिसांना कळवणं कोणालाही बंधनकारक आहे, विनामानधन प्रशिक्षकालाही. आधी शाळेत मिटवू, हा मार्ग नाही.

पालकांचं संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत. त्यात वजन, रक्तगट, दमा, फिट, जुनं हाड मोडणं, चालू औषधं आणि दोन फोन नंबर. समूह अपघात विम्यात घोडेस्वारी वगळलेली नाही ना, ते पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. तुमचं स्वतःचं नावही त्यात घाला. पैशांचा व्यवहार तुमच्या हातात नको. चाऱ्याची बिलं शाळा भरेल.

पडलेल्या मुलाला लगेच उचलायचं नाही. मान दुखते म्हणालं किंवा बेशुद्ध असेल तर हेल्मेटही काढू नका, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन. डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी पुन्हा बसवायचं नाही, "भीती जाईल" म्हणून तर अजिबात नाही. ओकारी, गुंगी, तेच तेच विचारणं यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. पालकांना पुढचे २४ तास लक्ष ठेवायला सांगा. एक माणूस मुलाकडे, एक घोड्याकडे. सुटलेल्या घोड्यामागे कोणी धावायचं नाही.

मैदानाबाहेर रपेटीला नेऊच नका. ऑक्टोबरनंतर रस्त्यावर उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, वर कर्णे लावलेले, आणि गणपतीच्या दिवसांत ढोल-फटाके. त्या अकरा दिवसांत फक्त सकाळी लवकर, तेही पागेजवळ.

स्पर्धेचा विचार पुढच्या वर्षी. इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे स्वाराची आणि घोड्याची नोंदणी लागते. वयोगट त्यांच्या चालू नियमपुस्तकात बघून घ्या.

पावसाचा शनिवार वाया जात नाही. लगाम, मोरखी आणि पट्टे सगळे सुटे करून एका पोत्यावर ओता. दोन-दोन मुलांना एकेक लगाम परत जोडायला द्या, बक्कल, पट्टे मोजून. जिथे शिवण उसवली आहे, चामडं दुमडल्यावर तडा दिसतोय, तिथे खडूने फुली. आमच्यासारख्यांचा डोळा सरावलेला असतो, फुल्या मुलांनाच सापडतात. रिकिबीचा पट्टा बक्कलाजवळच्या भोकांपाशी आधी तुटतो, तिथे उलटा वाकवून बघायला सांगा. फुली पडलेलं सामान त्याच दिवशी चांभाराकडे. खडेबाजारातले असाल तर वाट लांब नाही तुम्हाला.